शिकाऊ हाताची मजुरी

कुपवाडच्या एमआयडीसीत पोरगं चिकटवायला आलेला बाप सहसा आधी पगार विचारत नाही. तो विचारतो, "साहेब, शिकवत्यात का नुसतं राबवून घेत्यात?" मला हा प्रश्न आवडतो. कारखान्यांबद्दलची निम्मी अक्कल त्यातच आहे. पण त्याच्या मागे आणखी एक प्रश्न असतो आणि तो बाप विचारत नाही, बहुतेक बरं दिसत नाही म्हणून. शिकल्यावर पगार वाढणार कधी? आणि वाढवणार कोण, ज्यानं शिकवलं तो, की पलीकडच्या गेटवरचा?

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून कारखान्यांत माझी तीसेक वर्षं गेली. निम्मी लेथवर आणि सीएनसीवर, निम्मी पोरांना शिकवण्यात. पगार वाढलेले बघितले, न वाढलेलेही बघितले. त्यावरून बनलेलं मत आधीच सांगून टाकतो. शिकवणारा मालक पगार वाढवतो तो बहुधा पोरगं दुसरीकडे जाऊ शकतं हे कळल्यावर. आणि पोरगं दुसरीकडे जाऊ शकतं ते त्याला शिकवलेलं दुसऱ्याला तपासून बघता आलं तरच. बाकी सगळा तपशील आहे. पण पोरांची उमेदीची वर्षं त्या तपशिलातच जातात.

माझा ट्रेड टर्नर. आयटीआयची दोन वर्षं झाल्यावर एका मोठ्या कारखान्यात वर्षभर अप्रेंटिस होतो. साल 1990 च्या आसपासचं. आयटीआयत एका लेथवर चार-चार पोरं, आणि लोखंडाचा बार मोजून मिळायचा. आटे पाडताना टूल घुसलं की त्या आठवड्याचं शिकणं संपलं. कारखान्यात बार कुणी मोजत नव्हतं. तिथं एक जुने टर्नर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मामांनी सुरुवातीला मला लेथला हातच लावू दिला नाही, ग्राइंडरवर उभं केलं. मी हाय स्पीड स्टीलच्या टूलला धार लावायची, मामांनी ते बोटानं चाचपायचं, आणि काही न बोलता टूलचं टोक पुन्हा ग्राइंडरवर टेकवून माझी धार मोडून टाकायची. "मशीन कंपनीचं हाय," म्हणायचे, "धार तुझी हाय. लाव परत."

त्यांनी शिकवलेलं बरंचसं कुठं लिहिलेलं मी नंतर वाचलं, पण तेव्हा ते त्यांच्याच तोंडून कळलं. हाय स्पीडच्या टूलखालून निळी चिप निघाली की स्पीड जास्त झाला, टूल जळतंय. कार्बाइडखालून तशीच निळी निघाली तर घाबरायचं कारण नाही. बोअरिंग बार लांब काढला की थरथरतो आणि भोकाच्या आत पाणी हलल्यासारख्या रेघा उठतात. जॉब गरम असताना मापू नये, थंड झाल्यावर तो अंडरसाइज भरतो आणि शिव्या मात्र मापणाऱ्याला बसतात. मामांना मायक्रॉन कळत होते, पण बोलताना ते सुतातच बोलायचे. आठ सुतांचा एक इंच.

त्या वर्षी मिळणारं विद्यावेतन एसटीच्या पासला आणि डब्याला पुरायचं. शेजारच्या लेथवरचा परमनंट कामगार माझ्या कितीतरी पट घ्यायचा. वर्ष संपत आलं तेव्हा मी त्याच्या जवळपास जॉब काढत होतो. मला तेव्हा त्यात अन्याय वाटला नाही आणि आजही वाटत नाही, कारण तिथं मला एका मशीनवर बांधून ठेवलं नव्हतं. टर्निंग, आटे, बोअरिंग, मग ग्राइंडिंग, मग इन्स्पेक्शनच्या खोलीत सरफेस प्लेटवर, असं ते फिरवत गेले. शेवटी अखिल भारतीय ट्रेड टेस्ट झाली, राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळालं, आणि गेट बंद झालं. 2014 पर्यंत कायदाच तसा होता. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या 22 व्या कलमाप्रमाणे मुदत संपल्यावर उमेदवाराला नोकरी द्यायचं बंधन मालकावर नव्हतं, आणि तिथंच राहायचं बंधन उमेदवारावरही नव्हतं. करारात वेगळं लिहिलं असेल तर गोष्ट निराळी.

प्रमाणपत्र घेऊन साताऱ्याला गेलो. तिथल्या एका मध्यम कारखान्यात शॉपच्या साहेबांनी कागद बघितला, बाजूला ठेवला, आणि एक बार आणि ड्रॉइंग हातात दिलं. "चौकोनी आटे पाड." पाडले. गेजनं तपासून त्यांनी जो पगार सांगितला तो त्याच शॉपमध्ये माझ्या आधी लागलेल्या दोन पोरांपेक्षा जास्त होता. ती पोरं आळशी नव्हती. त्यांना त्या कारखान्यानंच शिकवलं होतं, पण एकच गोष्ट: एका ठरावीक जिगमध्ये एक ठरावीक कास्टिंग बसवायचं आणि चार भोकं पाडायची. ते काम ती माझ्यापेक्षा कितीतरी वेगानं करायची. पण ते जिग साऱ्या महाराष्ट्रात त्या एकाच छपराखाली होतं. त्यांचा वेग गेटबाहेर नेऊन विकायला जागाच नव्हती, आणि हे साहेबांना नीट माहीत होतं.

आमच्या भागात कारखान्यानं माणूस घडवायची गोष्ट निघाली की किर्लोस्करवाडी येतेच. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात मुंबईच्या व्हीजेटीआयत यंत्रांचं ड्रॉइंग शिकवणारे मास्तर. तिथं बढती डावलली म्हणून बाहेर पडले, बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर करायला लागले. तिथली जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला, आणि 1910 साली कारखाना उभा राहिला. निवडुंगाच्या त्या माळावर मोल्डर, पॅटर्नमेकर, फिटर आयते मिळणार कुठून? आलेल्या माणसाला तिथंच शिकवण्यावाचून इलाज नव्हता. अनंतराव फळणीकर शिक्षण अर्धवट सोडलेले. तिथं ते इंजिनिअर झाले. दरोड्याबद्दल शिक्षा भोगलेले तुकाराम रामोशी वसाहतीचे राखणदार झाले. तिकडे सातारा रोडला धनजीशा कूपरांनी 1922 मध्ये नांगराचा कारखाना काढला, तिथून पुढे डिझेल इंजिनं निघाली. कर्मवीर भाऊराव पाटील आधी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले, मग कूपरांच्या कारखान्याशी जोडले गेले, आणि कमवता कमवता शिकण्याची कल्पना त्यांनी रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगांत नेली. शिकताना कमावण्यात कमीपणा नाही ही गोष्ट आमच्याकडच्या घरांना कुणी परक्यानं येऊन समजावून द्यावी लागली नाही.

ही गोष्ट आमच्याकडच्या भाषणांत नेहमी येते, पण तिचा एक भाग कुणी सांगत नाही. त्या काळच्या मालकाला शिकवायला भीती नव्हती. कुंडलच्या माळावर शिकलेला मोल्डर जाणार कुठं? फार तर मुंबईला, आणि घरदार, शेत, वसाहतीतली खोली सोडून. शिकवण्याचा खर्च मालकाला कामात वसूल करता यायचा, कामगाराला राहण्याची शाश्वती मिळायची. आज मिरज, कुपवाड, इस्लामपूर, साताऱ्याची कोडोली आणि देगाव, शिरवळ, अशा एमआयडीसी झाल्यात. एका गेटवरून दुसऱ्या गेटवरचा बोर्ड वाचता येतो. 'सीएनसी सेटर पाहिजे' असा बोर्ड समोर लागलाय आणि आपण आत पोराला सेटिंग शिकवतोय, ही आजच्या छोट्या मालकाची अडचण आहे. ती खोटी नाही.

मी शिकवणाऱ्या बाजूला गेल्यावर ही अडचण हिशेबातच दिसायला लागली. नवं पोरगं व्हीएमसी मशीनवर उभं केलं की पहिले तीन महिने ते फक्त खर्च करतं. ऑफसेटमध्ये वजाचं चिन्ह विसरतं आणि टूल जॉबमध्ये जातं. इन्सर्ट मोडतं, कधी होल्डर वाकतो, कधी स्पिंडलवर बेततं. मशीनच्या ताशी दरानं धरलं तर एका धडकेची किंमत पोराच्या महिन्याच्या विद्यावेतनाहून जास्त होते. शिवाय त्याच्यामागे एक चांगला ऑपरेटर उभा राहतो, त्याचं उत्पादन घटतं. या काळात पोराला कमी पैसे मिळतात त्याबद्दल माझी तक्रार नाही. शिकण्याची किंमत दोघांनी वाटून घ्यायची असते, आणि पोरगं आपला वाटा कमी पगारातून देतं.

पण हे पीक आडसाली उसासारखं आहे. बराच काळ नुसतं पाणी आणि खत, मग एकदम वजन. सहाव्या-सातव्या महिन्यात पोरगं एकटं शिफ्ट काढायला लागतं. प्रोग्राम बदललेला नसेल तर त्याच्या आणि जुन्या ऑपरेटरच्या जॉबसंख्येत फरक दिसत नाही. आणि त्याच्या कार्डावर मात्र अजून ट्रेनीच लिहिलेलं असतं. हात तयार झाला तो दिवस आणि पगार वाढला तो दिवस, या दोहोंच्या मधली जागा कुणाची, सगळा मामला या एका गोष्टीवर येतो. मी काम केलेल्या एका ठिकाणी ही जागा दोन महिन्यांची होती. दुसऱ्या एका ठिकाणी ती तीन वर्षांची होती, आणि त्या तीन वर्षांत पोराला दोनदा ब्रेक देऊन नव्या नावानं पुन्हा ट्रेनी म्हणूनच घेतलं होतं.

त्या दुसऱ्या ठिकाणी पोरांची मूळ प्रमाणपत्रं ऑफिसच्या कपाटात ठेवून घ्यायची पद्धत होती. 'बाँड' म्हणायचे त्याला. सोडून जायचं तर ठरलेले पैसे भरा आणि कागद न्या. विट्याकडचा एक पोरगा होता, हात चांगला, बोलणं कमी. त्याला पुण्याहून बोलावणं आलं तेव्हा त्याच्या वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून ते पैसे भरले. मी साहेबांना म्हणालो, हे बरोबर नाही. ते म्हणाले, "मग मी शिकवायचं कशाला?" मला तेव्हा पटकन उत्तर सुचलं नाही. आता आहे, पण ते पुढे.

या सगळ्याचा अर्थशास्त्रज्ञांनीही विचार केलाय, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. अमेरिकेचे गॅरी बेकर यांनी 1964 साली मानवी भांडवलावरचं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी शिक्षणाचे दोन भाग केले: सगळीकडे चालणारं, आणि एकाच कारखान्यात चालणारं. सगळीकडे चालणारं शिक्षण मालक स्वतःच्या पैशानं देणार नाही, त्याची किंमत कामगारालाच कमी पगारातून मोजावी लागेल, हा त्यांचा हिशेब. साताऱ्याच्या चौकोनी आट्यांचा आणि चार भोकांच्या जिगचा फरक हाच. पुढे 1992 मध्ये लिसा लिंच यांनी अमेरिकेतल्या तरुण कामगारांच्या पाहणीवरून पगार तपासले. त्यांना दिसलं ते असं: सध्याच्या मालकानं कामावर दिलेल्या शिक्षणानं तिथला पगार वाढतो, पण आधीच्या मालकाकडे तसंच शिकलेलं नव्या नोकरीत पगारावर फारसं उमटत नाही. बाहेरच्या संस्थेत शिकलेलं आणि अप्रेंटिसशिप मात्र माणसाबरोबर पुढच्या नोकरीत जाते. अमेरिका आणि कुपवाड यांत खूप अंतर आहे, पण आमच्या गेटवर मी हेच बघत आलो. 'आमच्याकडे तीन महिन्यांचं ट्रेनिंग दिलंय' असं कंपनीच्या लेटरहेडवर लिहून, लॅमिनेट करून आणलेला कागद पुढचा साहेब वाचतसुद्धा नाही. त्यात काय शिकवलं ते नसतं, आणि असलं तरी शिकवणाऱ्यानंच दिलेली साक्ष ती. जर्मनीत कारखान्यात शिकलेल्या पोराची परीक्षा कारखाना घेत नाही, उद्योगांचं मंडळ घेतं. म्हणून एका गावातलं प्रमाणपत्र दुसऱ्या गावातला मालक मानतो.

कागदाशिवायही हुनर सोबत जातं, पण ते यंत्रावर अवलंबून असतं. कोरेगाव बाजूची एक मुलगी आमच्याकडे क्वालिटीत आली. डिप्लोमा झालेला, वजन उचलायच्या कामाला नको म्हणून तिला मापाच्या खोलीत टाकलं, आणि ती सीएमएम शिकली. हे मापाचं यंत्र एका सुईसारख्या टोकानं जॉबला ठिकठिकाणी स्पर्श करून सगळी मापं काढतं. ड्रॉइंगमधली चौकटीतली चिन्हं, कुठल्या पृष्ठाला समांतर, कुठल्या अक्षाशी समकेंद्री, ही तिनं इतकी पक्की केली की प्रॉडक्शनचे दाढीवाले इंजिनिअर तिच्याकडे भांडायला यायचे आणि समजून घेऊन जायचे. लग्न झालं, मिरजेला गेली. आमच्याकडच्या बहुतेक मुलींची कारखान्यातली कहाणी इथंच संपते. सासरच्या गावात ती लाइन नसते, ते पार्ट नसतात, शिकलेलं सगळं माहेरच्या एमआयडीसीत राहतं. हिचं तसं झालं नाही. मिरजेच्या बाजूलाही सीएमएम होतं, तिथंही तीच चिन्हं. तिला पहिल्याच दिवशी आमच्यापेक्षा जास्त पगारावर घेतलं. त्यानंतर कुठलीही मुलगी ट्रेनिंगला आली की तिला असेंब्लीच्या एका स्टेशनवर कायमचं बसवू नका म्हणून मी भांडायला लागलो. मुलाची बदली तो स्वतः ठरवतो, मुलीची बहुधा लग्न ठरवतं. तेव्हा बरोबर नेता येईल असं शिकण्याची गरज तिला जास्त.

आता कायद्याचं आणि योजनांचं. माझं वर्ष झालं तेव्हापासून अप्रेंटिसशिपचे नियम बरेच बदलले. 2014 ची दुरुस्ती झाली, तेव्हा विद्यावेतन निमकुशल कामगाराच्या किमान वेतनाच्या टक्केवारीत ठरवलं गेलं: पहिल्या वर्षी 70 टक्के, मग 80, मग 90. ते मला पटलं होतं, कारण किमान वेतन हललं की विद्यावेतन आपोआप हलत होतं. 2019 मध्ये ते काढून शिक्षणाप्रमाणे ठोक आकडे आले. पाचवी ते नववीपर्यंत शिकलेल्याला महिना 5000, आयटीआयवाल्याला 7000, डिप्लोमाला 8000, पदवीधराला 9000, हे सगळे किमान. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक झालं. त्याआधी 2016 पासून राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, 1500 रुपयांपर्यंत, सरकार द्यायला लागलं होतं. ठोक आकडा एकदा छापला की तसाच राहतो, महागाई राहत नाही. तो 36 टक्क्यांनी वाढवावा अशी शिफारस केंद्रीय अप्रेंटिसशिप परिषदेनं 2025 साली केली, म्हणजे सहा वर्षांनी.

कायद्यानं अप्रेंटिस हा कामगार नव्हे, शिकाऊ. म्हणून त्याला पीएफ लागत नाही, ईएसआय लागत नाही. शिकाऊ खरोखर शिकत असेल तर ही सवलत ठीक आहे. पण हिशेबनीसाच्या डोळ्यांनी बघितलं तर हाच सगळ्यात स्वस्त हात, आणि मोह तिथंच होतो. अप्रेंटिसच्या जोडीला 'नीम' नावाची योजना 2013 मध्ये आली, एआयसीटीईच्या छत्राखाली. मधला एजंट पोरं पुरवायचा, पोरं तीन-तीन वर्षं उत्पादनाच्या लाइनवर उभी राहायची आणि कागदावर ट्रेनी असायची. नंतर ती बंद झाली. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी पोरांची विशीतली वर्षं त्यात गेली आणि बाहेर पडताना त्यांच्या हातात ट्रेड टेस्टचं प्रमाणपत्र नव्हतं, कारण ट्रेड टेस्ट नव्हतीच.

2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना ही आणखी वेगळी तऱ्हा. बारावीला 6000, आयटीआय-डिप्लोमाला 8000, पदवीधराला 10000, आधी सहा महिने आणि पुढे अकरा. पैसे सरकारचे. बरीच पोरं ग्रामपंचायतीत, शाळेत, तहसिलात बसली. घरात पैसे आले, ही गोष्ट लहान नाही. पण ज्याच्या खिशातून एक रुपया जात नाही त्याला शिकवायची घाई कशाला असेल? मुदत संपल्यावर तीच पोरं कायम करा म्हणून मोर्चे काढत राहिली. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. बाहेर नेऊन दाखवता येईल असं काही हातात नव्हतं, तेव्हा जिथं आहेत तिथंच राहू द्या एवढीच मागणी उरली.

कायम करण्याबाबत सुप्रीम कोर्टानं 1995 मध्ये उत्तर प्रदेशच्या एसटी महामंडळाच्या खटल्यात जे सांगितलं ते मी प्रत्येक बॅचला वाचून दाखवायचो: बाकी गोष्टी सारख्या असतील तर थेट आलेल्या उमेदवारापेक्षा शिकून तयार झालेल्या अप्रेंटिसला पसंती द्यावी. नोकरीचा हक्क नाही, पण रांगेत पुढची जागा. पोरं विचारायची, "सर, हे खासगी कंपनी ऐकती का?" तो निकाल सरकारी महामंडळाचा होता हे मी सांगायचो. पुढचं त्यांना समजायचं.

बाँडवाल्या साहेबांच्या 'शिकवायचं कशाला' या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं ते साताऱ्यातल्या एका लहानशा मशीन शॉपमध्ये. मालक स्वतः टूलरूममधून वर आलेला, बोटं अजून तेलकट. त्यानं शॉपच्या भिंतीवर एक बोर्ड लावला होता, त्याच्याच अक्षरात. डाव्या बाजूला कामं: लोडिंग, मोजमाप, ऑफसेट, टूल बदल, फर्स्ट पीस, सेटिंग, प्रोग्राम सुधारणं. उजव्या बाजूला प्रत्येक कामापुढे पगारात वाढणारी रक्कम. पोरगं तयार आहे असं वाटलं की दुसऱ्या शिफ्टचा सेटर त्याची परीक्षा घ्यायचा, ज्यानं शिकवलं तो नाही. पास झालं की पुढच्या पगारात पैसे. त्याच्याकडे आलेलं आयटीआयचं पोरगं सात-आठ हजारांवर लागायचं, वर्षाच्या आत बारा-तेरापर्यंत जायचं, आणि सेटर झालं की वीसच्या पुढे. पोरं सोडून जात नव्हती असं नाही. जायची, पण दीड वर्षात नाही, चार वर्षांनी जायची. त्या चार वर्षांत त्यानं शिकवण्याचा खर्च केव्हाच काढलेला असायचा. मी विचारलं, पलीकडचे पळवत नाहीत का? म्हणाला, "पळवू देत की. दीड हजारासाठी कोण पळतंय? मीच दोन वाढवतो." बाँडचं कपाट त्याच्याकडे नव्हतंच.

मोठ्या कारखान्यांत हे का होत नाही, याची कारणं मी त्यांच्याच बैठकांत ऐकलीत. एकाचा पगार वाढवला की युनियन दहाजणांची यादी आणते. एचआरला ग्रेड मोडवत नाही. मुख्य ऑफिस पुण्याला किंवा मुंबईला, तिथं साताऱ्याचं पोरगं म्हणजे एका रकान्यातला आकडा. यातलं काही खरं आहे. पण त्याच बैठकीत एक अनुभवी सेटर सोडून गेला म्हणून लाइन आठवडाभर बंद राहिल्याचा हिशेब मांडला की सगळे गप्प होतात, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

आता निवृत्त झालोय, पण गावातली पोरं आणि त्यांचे आई-बाप कागद घेऊन येतात. त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितो. करारावर सही करायच्या आधी अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक मागा. तो नसेल तर ती अप्रेंटिसशिप नव्हे, स्वस्तातली नोकरी आहे, आणि घ्यायचीच तर तसं समजून घ्या. कुठल्या मशीनवर, किती महिने, पुढचं मशीन कुठलं, हे तोंडी नको, कागदावर घ्या. शेवटी परीक्षा कोण घेणार ते विचारा. ट्रेनीचा ऑपरेटर कोणत्या तारखेला होणार, ती तारीख लिहून घ्या. मूळ प्रमाणपत्र कुणालाही ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या. आणि रोजची डायरी ठेवा: आज कुठला जॉब, कुठलं टूल, काय चुकलं, कसं सुधारलं. पुढच्या गेटवरचा साहेब ती डायरी चाळेल आणि एक बार हातात देईल.

मालकांना एकच विनंती. पोरगं एकटं शिफ्ट काढायला लागलं की त्याच महिन्यात त्याच्या कार्डावरचं ट्रेनी पुसा.